केदारनाथ पायी चढायचंय? मग तयारी सोलापुरातूनच सुरू करा

कोजागिरीला चालत तुळजापूर गाठणाऱ्या सोलापूरकरापुढे केदारनाथचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "पंचेचाळीस किलोमीटर चालतोय की आम्ही, सोळा किलोमीटरला काय घाबरायचं?" आळंदीपासून पंढरपूरपर्यंत वारी केलेली मंडळी तर याहून निर्धास्त. चालण्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तुळजापूरचा घाट चढून गेलं तरी आपण सहाशे-सातशे मीटरच्या दरम्यानच असतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. पायांची तयारी सोलापुरात होते. विरळ हवेशी जुळवून घ्यायला मात्र शरीराला वर जाऊनच दिवस द्यावे लागतात, आणि रजा वाचवायच्या नादात आपण नेमके तेच कापतो.

हा लेख केदारनाथ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, कारण आपल्याकडून पहिल्यांदा हिमालयात जाणारे बहुतेक तिथंच जातात. अमरनाथ (३,८८८ मीटर), हेमकुंड साहिब (४,३०० मीटरच्या वर) किंवा कैलास परिक्रमेतली डोल्मा ला खिंड (५,६०० मीटरच्या वर) मनात असेल तर नियम हेच, फक्त जास्त कडक.

आधी महिना ठरवा

केदारनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचं दार, उघडण्याची तारीख दरवर्षी महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होते. साधारण एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात मंदिर उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडची गर्दी मे महिन्यात लोटते. तेव्हा वाटेवर बर्फ असू शकतो, मुक्कामाला जागा मिळत नाही आणि दर्शनाच्या रांगेत थंडीत तासन्‌तास उभं राहावं लागतं.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस. १६ आणि १७ जून २०१३ ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चोराबारी तलाव फुटला, वाटेवरचं रामबाडा गाव नकाशावरून गेलं. ३१ जुलै २०२४ च्या रात्री ढगफुटी होऊन पायवाट जागोजागी वाहून गेली आणि हजारो यात्रेकरूंना बाहेर काढावं लागलं. श्रावणी सोमवारचं पुण्य कितीही मोठं असलं तरी नवख्यांनी पावसाळा टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरतो सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. आकाश स्वच्छ, गर्दी कमी, रात्री मात्र कडाक्याची थंडी. अडचण एवढीच की याच सुमारास पितृपक्ष आणि नवरात्र येतं. घरात घट बसणार असतील तर तारखा जुळवायला आईशी किंवा सासूबाईंशी आधी बोलून घ्या. तिकिटं काढून मग बोलू नका.

मग दिवस मोजा

डॉक्टर आणि गिर्यारोहक साधारण जो नियम सांगतात तो असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता केदारनाथचं गणित बघा. पायवाट जिथून सुरू होते ते गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर. सकाळी तिथून निघून रात्री केदारनाथला झोपलात तर एका दिवसात १,६०० मीटर वर गेलात. "दहा दिवसांत चारधाम" असली पत्रकं वाटणाऱ्या सहलींमध्ये हे रोजच घडतं. बरेच लोक डोकेदुखी, मळमळ सोसून परत येतात आणि "थकवा आला होता" म्हणतात. काहींना मात्र ते सोसत नाही.

यावरचा सोपा उपाय म्हणजे आधी तुंगनाथ करणं. कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार किंवा ऋषीकेश. दुसऱ्या दिवशी रुद्रप्रयाग, उखीमठमार्गे चोपता. हा पूर्ण दिवसाचा डोंगरी प्रवास आहे, त्यात दुसरं काही घुसवू नका. चोपता सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथं दोन रात्री काढायच्या आणि मधल्या दिवशी चार किलोमीटरच्या आतबाहेरची चढण चढून तुंगनाथला जाऊन यायचं. तुंगनाथ ३,६८० मीटरवर, पंचकेदारांतलं, म्हणजे इथल्या शंकराच्या पाच मंदिरांतलं, सर्वांत उंच. म्हणजे दिवसा केदारनाथपेक्षा थोडं वर गेलात आणि झोपायला खाली आलात. शरीराला याहून चांगली रंगीत तालीम नाही. दर्शनही घडतं, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना "वाया गेलेला दिवस" वाटत नाही.

त्यानंतर एक रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला, मग चढाई, केदारनाथला एक रात्र, सकाळी दर्शन करून उतरणं. चढताना जड वाटलं तर वाटेत लिंचोलीला तंबूत मुक्काम करता येतो. ऋषीकेशहून निघून परत ऋषीकेशला येईपर्यंत सात दिवस धरा, त्यातला एक राखीव. एवढी रजा मिळत नसेल तर यात्रा पुढच्या वर्षी करा.

हेलिकॉप्टरचा मोह ज्येष्ठांसाठी होतो. आई-वडिलांना चालायला नको हे खरं, पण हेलिकॉप्टर काही मिनिटांत दीड-दोन हजार मीटर वर नेऊन सोडतं आणि शरीराला सवय व्हायला क्षणही मिळत नाही. न्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून न्या, दर्शन करून त्याच दिवशी खाली आणा. तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच घ्या. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं दर हंगामात उगवतात.

डॉक्टरांकडे सहीसाठी जाऊ नका

अमरनाथसाठी अधिकृत डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून लोक निदान दवाखान्याची पायरी तरी चढतात. तेरा वर्षांखालच्या आणि सत्तरीपुढच्या व्यक्तींना आणि सहा आठवड्यांपुढच्या गरोदर महिलांना त्या यात्रेला परवानगीच नसते. केदारनाथला कुणी अडवत नाही, म्हणून आपणच आपल्याला विचारायचं. निघण्याच्या दोन महिने आधी फॅमिली डॉक्टरांना गाठा आणि किती उंचीवर, किती दिवसांसाठी जाताय ते नीट सांगा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी हे किमान. पन्नाशी ओलांडली असेल, छातीत कधी दुखलं असेल, दमा असेल तर पुढच्या तपासण्या ते सांगतील. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधीच तुटपुंजा प्राणवायू वाहून नेणारंच कुणी नसतं, आणि आपल्याकडच्या बायकांत हे सर्रास आढळतं. दोन महिने हातात असले तर त्यावर इलाजही होतो.

मधुमेहींनी इन्सुलिन मोठ्या पिशवीत टाकू नये. ते गोठलं तर निकामी होतं, म्हणून अंगालगतच्या खिशात ठेवा. थंडीत साखर मोजायचं यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकतं, तेही कपड्यांच्या आत उबेला ठेवा.

उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी मिळते, आपल्याकडे ती डायमॉक्स म्हणून ओळखली जाते. ती घ्यायची का, किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला होणं हे या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत, माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही.

बायकांच्या ग्रुपमध्ये यात्रेआधी हमखास निघणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाळी लांबवायच्या गोळ्या. मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून मेडिकलमधून आणून त्या घेऊ नका. काही बायकांमध्ये अशा गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यात भर म्हणून रेल्वेत, मग गाडीत तासन्‌तास बसून राहणं आणि पाणी कमी पिणं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोच.

सपाट सोलापुरात चढाचा सराव

दहा आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं चालणं. सिद्धेश्वर तलावाभोवती, कंबर तलावाकडे, जिथं सोयीचं पडेल तिथं. मे महिन्यातच जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये सहाच्या आत घराबाहेर पडलात तरच जमेल, आठनंतर आपलं ऊन कुणालाच चालू देत नाही.

पुढे जिने. गौरीकुंड ते केदारनाथ हा चढ १,६०० मीटरचा आहे. पाच मजली इमारत तळापासून वरपर्यंत शंभराहून जास्त वेळा चढली की तेवढा चढ होतो. हे एका दिवसात करायचं नाही, पण आकडा लक्षात ठेवा, म्हणजे पाच वेळा चढून "झाली तयारी" असं वाटणार नाही. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास जिना, पाठीवर पिशवी. पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरा, वजन हळूहळू पाच-सहा किलोपर्यंत न्या. उतरताना लिफ्ट घेऊ नका. केदारनाथहून खाली येताना मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात, आणि त्यांना सवय उतरूनच होते.

एखाद्या रविवारी पुण्याला जाऊन सिंहगड पायथ्यापासून चढा. तो सुमारे ६०० मीटरचा चढ. सिंहगड उतरून आल्यावर "आत्ता पुन्हा चढ" म्हटलं तर चढू शकाल, अशी अवस्था असेल तर पाय तयार आहेत असं समजा.

वेग किती असावा? चालता चालता "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय" एवढं न थांबता म्हणता आलं पाहिजे. मधे श्वास घ्यावा लागला तर तुम्ही जास्त जोरात चालताय. हीच कसोटी तिथं वरही वापरायची. तरण्याबांड पोरांना हे मुद्दाम सांगा. व्यायामानं उंचीचा त्रास टळत नाही. उलट दम आहे म्हणून ही मुलं सगळ्यांच्या पुढे पळतात आणि संध्याकाळी डोकं धरून तीच बसलेली दिसतात.

पिशवी: चादर घरी, भाकरी सोबत

सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान आहेच, पण ती घरी ठेवा. सुती आहे, जड आहे आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. टेरी टॉवेलचंही तेच, त्याऐवजी पंचा न्या. सुती कपडा घाम आणि पाऊस शोषून अंगाला थंड चिकटून राहतो, आणि वाऱ्यात माणूस त्यानंच गारठतो. जीन्स तर अजिबात नको. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीसचं जाकीट, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. गरम वाटलं की एक थर काढायचा, थांबलात की लगेच चढवायचा. आजींना किंवा मावशींना साडीच नेसायची असेल तर आत थर्मल पायजमा आणि साडी घोट्याच्या वर, म्हणजे पायात येणार नाही.

बूट सहा आठवडे आधी घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि सगळा सराव त्यातच करा. उतरताना बोटं पुढे आदळतात, नखं कापलेली नसतील तर काळी पडतात. दोन भागांचा चांगला रेनकोट इथूनच न्या. वाटेवर मिळणारे पातळ प्लॅस्टिकचे पोंचो पहिल्याच वाऱ्यात फाटतात, आणि त्यांच्या चिंध्या मंदाकिनीच्या काठी झुडपांना लोंबताना दिसतात. तुमचा कचरा, ओले टिश्यू आणि गोळ्यांची पाकिटंसुद्धा, खाली आणायला एक वेगळी पिशवी ठेवा.

आता खाणं. या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. उंचीवर भूक मरते, गोड नकोसं होतं, मॅगी बघूनही मळमळतं. अशा वेळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी कामाला येते. कडक भाकरी हलकी, आठवडे टिकणारी, शिजवायची भानगड नाही. फक्त पिशवीत सैल टाकलीत तर गौरीकुंडला पोचेपर्यंत चुरा होतो, तेव्हा स्टीलच्या गोल डब्यात मावतील एवढ्या लहान करून घ्या. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली असावी. तिखटानं तोंडाला चव येते आणि दोन घास जास्त जातात. डबा मात्र घट्ट बंद होणारा हवा. विकतच्या चिवड्या-वेफर्सची पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी टम्म फुगतात, तसंच तेलाचं सैल झाकणही दगा देतं आणि सगळे थर्मल लाल होतात. रक्तदाब असणाऱ्यांनी चटणीचं मीठ घरीच कमी करून घ्यावं.

कापराची पुरचुंडी गळ्यात अडकवून जाणारे पुष्कळ. भीमसेनी कापराच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू त्यानं काडीचाही वाढत नाही. प्राणवायूचा लहान डबाही काही मिनिटांत संपतो. तो खाली उतरेपर्यंतचा आधार, वर जायचा परवाना नव्हे.

कागदपत्रं आणि फोन

उत्तराखंड सरकारची यात्रा नोंदणी सक्तीची आहे. सरकारी संकेतस्थळावर किंवा टुरिस्ट केअर उत्तराखंड ॲपवर स्वतः करा. क्यूआर कोडची छापील प्रत आणि आधार सोबत ठेवा, कारण थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते. अमरनाथला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी: नाव, रक्तगट, आजार, चालू गोळ्या, घरचा नंबर. आणीबाणीत ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

वाटेवर

खाजगी गाड्या सोनप्रयागलाच थांबतात, पुढचे पाच किलोमीटर तिथल्या जीपनं. पहाटे पाचला गौरीकुंडहून पाऊल टाका, दुपारनंतर निघूच नका. जंगलचट्टी, भीमबली, मग नदी ओलांडून लिंचोलीचा खडा चढ. नवख्यांना सात ते दहा तास लागतात. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, बाकीचे त्याच्या मागे. उपाशी चढू नका. "दर्शनाशिवाय अन्न घेणार नाही" हा संकल्प सोलापुरात ठीक, लिंचोलीच्या चढावर चक्कर येते. दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी, दर तासाला चार घास.

खेचरं येताना दिसली की डोंगराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभं राहा. दरीच्या बाजूला कधीही नाही, पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरे होतो. स्वतः खेचरावर बसायचं असेल तर अधिकृत काउंटरवरूनच घ्या, आणि लंगडणारं, जखमा असलेलं जनावर सरळ नाकारा. गिऱ्हाईक नाही म्हणायला लागलं की मालक जनावराला विश्रांती देतो, ओरडून काही होत नाही. पिठ्ठूकडे, म्हणजे पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालाकडे, ओझं दिलंत तर चहा-नाश्ता त्यालाही विचारा. तुमचा रेनकोट तुमच्याकडे ठेवा, नाहीतर तो पुढे आणि तुम्ही पावसात मागे.

त्रास झाला तर

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणं. वर गेल्यावर यातलं काही झालं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. पित्त, ॲसिडिटी, प्रवासाचा शीण ही नावं नंतर द्या. पहिला नियम, त्रास असताना आणखी वर जायचं नाही. थांबा, पाणी प्या, विश्रांती घ्या. बरं वाटलं तर पुढे, नाही तर खाली. ब्रँडीचा घोट किंवा झोपेची गोळी यांनी श्वास आणखी मंदावतो, ते दोन्ही बंद.

बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, थुंकीत फेस येतोय, तर फुप्फुसांत पाणी होतंय. बोलणं असंबद्ध झालं, तोल जातोय, सरळ रेषेत टाच-पुढे-टाच चालता येत नाही, तर मेंदूला सूज येतेय. या दोन्हींत वाट बघायची नसते. जवळच्या वैद्यकीय केंद्रात न्या, प्राणवायू लावा आणि लगेच खाली उतरवा, रात्र असली तरी. उतरणं हाच मुख्य इलाज आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण त्याच्या आकड्यावर हुरळू किंवा घाबरू नका. तेवढ्या उंचीवर धडधाकट माणसाचंही रीडिंग नव्वदच्या खाली येतं आणि गार बोटांवर ते चुकतं. माणूस कसा बोलतो, कसा चालतो ते बघा.

परत फिरायचं कोण ठरवणार, हे सोलापुरातच ठरवून निघा. वर गेल्यावर "नवस बोललाय", "एवढ्या लांब आलोय", "काका काय म्हणतील" असल्या गोष्टींत अर्धा तास जातो. ग्रुपमधल्या एकाला तो अधिकार द्या. शक्यतो ज्याचा स्वतःचा नवस नाही अशाला. त्यानं खाली म्हटलं की खाली, आणि आजारी माणसाबरोबर एक जण उतरणारच, हेही आधीच कबूल करून घ्या. वडीलधाऱ्यांसमोर शेंडेफळाला हे बोलणं जड जातं, म्हणून सगळ्यांच्या देखत, चहाच्या वेळी ठरवलेलं बरं.

उतरताना आणि परतीला

दर्शन झालं की मन सैल पडतं, आणि मुरगळलेले पाय बहुधा उतरतानाच मुरगळतात. पावलं लहान टाका, काठी पुढे टेका. मंदिरात फोटो आणि चित्रीकरणाला बंदी आहे, फोन आधीच बंद करून पिशवीत ठेवलेला बरा. खाली आल्यावर त्याच संध्याकाळी ऋषीकेश गाठायचा हट्ट धरू नका. दिवसभर गाडीत बसून असलेला ड्रायव्हर रात्रीच्या घाटरस्त्याला ताजा नसतो, आणि पावसाचा थेंब नसतानाही दरड कोसळून रस्ता अर्धा दिवस बंद पडू शकतो. राखीव दिवस धरला तो यासाठीच. कर्नाटक एक्सप्रेसचं परतीचं आरक्षण त्या दिवसाच्या पुढचंच काढा.